सुटलेला

मी ओनोफ्रे, खोगीर शिवणारा.
अक्षरं मला बेताचीच,
गाठी मात्र कळतात:
कुठली ओढली की आवळते,
कुठली नुसत्या बोटानं सुटते.

राजा वालेन्सियाला परतला त्या एप्रिलात
रस्त्यावर एकच आरोळी: अब्सोलुतो! अब्सोलुतो!
नारिंगाच्या मोहोराचा वास, तोफेच्या दारूचा वास,
त्यात हा शब्द.
मला वाटलं, एखाद्या औषधाचं नाव असेल.

घंटा वाजवणारा म्हातारा क्रेसेन्सिओ
पाद्र्यांचं उष्टं लॅटिन खाऊन वाढलेला.
माझ्या पाटावरची वादी त्यानं उचलली,
बकलातून सर्रकन ओढून काढली.
"हे बघ. सोल्वेरे म्हणजे सोडणं.
अब्सोलुतुस, सुटलेला. कायद्यातून. जाब देण्यातून."
"म्हणजे मोकाट?"
तो आधी दाराकडे बघून आला.
"लॅटिनमध्ये जरा बरं ऐकू येतं," म्हणाला.

दुपारी बग्गी वेशीवर अडवली
आणि घोडे सोडले.
सहाही जनावरं घाम निथळत कडेला उभी,
कुणी पाणी दाखवलं नाही.
त्यांच्या जागी माझा मेहुणा बाउदिलिओ,
रेशीम विणणारा, मऊ हातांचा माणूस,
स्वतःला जुंपून घेत होता.
रडत होता. आनंदानं.

पट्टा माझ्याच हातचा.
घोड्याच्या छातीला बेतलेला,
माणसाच्या तो गळ्याशी येतो.

काडिझकडे अशांना सेर्विल म्हणत, गुलामवृत्तीचे.
छापताना शब्दाच्या मधोमध फट ठेवत: सेर विल,
नीच असणं.
कागद वाचून लोक हसले, मीही हसलो,
मग बहिणीच्या घरी गेलो.
रेमिहिया व्हिनेगरची पट्टी दाबत होती
त्याच्या सोललेल्या खांद्यावर.

पुढे नऊ वर्षांनी शब्दाला शेपूट फुटलं, इस्ता:
सुटलेल्याशी बांधलेला.
पण त्या रात्री नाव नव्हतं, नुसता खांदा होता.

"ओनोफ्रे," तो म्हणाला, "राजा पुन्हा येईल.
आमच्या मापाचा एक शिवशील?"

मी दोरी काढली. छाती मोजली.
आत काळीज धाडधाड.
आकडा वहीत लिहिला,
आणि नावाच्या रकान्याशी टाक थबकला.
तिथं मी आजवर
घोड्यांचीच नावं लिहीत आलो होतो.