तेवीस नंबरचं घर

उन्हाळाभर मी तेवीस नंबरच्या घरात बसते.
जाड तागाचा घागरा, डोक्याला रुमाल,
मांडीवर अर्धवट विणलेला हातमोजा.
जूनपासून त्याचा अंगठा पुरा होत नाही,
कारण कुणीतरी येतं आणि विचारतं,
इथे खरंच माणसं राहायची?

राहायची, मी सांगते. नऊ माणसं, एक भट्टी,
कडाक्याच्या थंडीत कोकरंसुद्धा आत.
घर मूळचं दाउगावा नदीकाठचं.
धरणाचं पाणी चढण्याआधी
ओंडक्या-ओंडक्याला पत्र्याचे बिल्ले ठोकून
ट्रकमधून या पाइनच्या रानात आणलं, पुन्हा जुळवलं.
फटींतलं शेवाळ नवं आहे.
धूर नाही. वास आहे तो
लाकूड किडू नये म्हणून फासलेल्या औषधाचा.

दाराच्या खांबावर चार खाचा आहेत.
शेजारी पाटी: राईच्या पोत्यांचा हिशेब असावा.
मीही लोकांना तेच सांगते,
'असावा' गाळून.

मंगळवारी एक बाई आल्या.
ज्येष्ठांचं तिकीट, पिशवीत काकड्या.
सरळ दोरी ओलांडली.
बाई, मी म्हटलं, आत जायचं नसतं.
मी आतच जन्मले, त्या म्हणाल्या,
तिथे, जिथे तुम्ही चरखा ठेवलाय.
आमच्याकडे चरखा नव्हता.
स्काइद्रिते, असं नाव सांगितलं,
मी विचारलं नव्हतं तरी.

मग खांबापाशी वाकल्या,
चष्मा कपाळावर सारून
खाचांवर अंगठा फिरवला,
आणि हसत सुटल्या. इतक्या,
की भट्टीमागचं मांजर बाहेर पळालं.

उलटा बसवलाय गं!
पोती कसली, ही आम्ही पोरं.
बाबा सुरीने उंची कोरायचे.
हा विल्हेल्म्स, केवढा ताडमाड, बघ, घोट्याशी आलाय.
ही आउस्मा. ही मी.
आणि हा सगळ्यांच्या वर,
आल्विस.
दोन वर्षांचा. एकदाच मोजला.

मी नोंदवही काढली. हिवाळ्यात सुतार येतात,
सरळ करून घेऊ, म्हटलं.
त्यांनी वहीवर एक काकडी ठेवली.
राहू दे.
पहिल्यांदाच विल्हेल्म्सच्या डोक्यावरून बघतोय,
बघू दे त्याला.

मग विचारलं, शौचालय कुठे,
आणि रिगाची शेवटची बस किती वाजता.

काकडी देठाशी कडू होती. सगळी खाल्ली.
वहीत तारीख घातली होती,
पुढे काही लिहिलं नाही.

चारला शाळेची सहल आली.
एका मुलाने वरच्या खाचेत बोट घातलं.
हे काय?
पोती, मी म्हटलं.
किती?
चार. म्हणजे तीन, आणि एक
लहान.

त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.
कुणी न सांगता
त्याने टाचा खांबाला टेकवल्या,
मान ताठ केली,
आणि डोक्यावर आडवा तळहात ठेवून
वाट बघत उभा राहिला.