जादा टिंब

पद्मजानं गच्चीवर चादर बांधली,
भरमू मंडपवाल्याची, भाड्यानं आणलेली,
मागं मर्क्युरीचा दिवा.
रंकाळ्याकडनं वारं येत होतं, चादर पोटात फुगायची.
आप्पा, बसा इथं, म्हणाली,
तुमची नजर बारीक. मोजू लागा.

नजर कसली. मोतीबिंदू काढून दोन वर्षं झाली.
त्याआधी एकोणचाळीस वर्षं
शनिवार पेठेतल्या छापखान्यात उलटे खिळे वाचले,
अजून पाटी दिसली की डोळा उजवीकडनं सुरू करतो.

पतंग आले. मोठ्यांकडं तिचं लक्षच नव्हतं.
तिला हवा होता करंगळीच्या नखाएवढा,
ओल्या राखेच्या रंगाचा,
भिंतीवर बसला तर पोपडा वाटावा असा.
भिंगातून दाखवला:
पुढच्या पंखावर वाकडी रेघ, स्वल्पविरामासारखी,
खाली धुरकट पट्टा,
रोलरला शाई कमी पडली की उमटतो तसा,
आणि पार कडेला
एक काळं टिंब.

हे असलं तर ही जात, म्हणाली.
नसलं तर दुसरी.
बाकी सगळं सेम.

मी भिंग खाली ठेवलं.

बासष्ट साली नियम आला तेव्हा मी एकोणीसचा,
मिशी नुकतीच.
मालक म्हणाले, आदगोंडा, उद्यापासनं
न उच्चारलेले अनुस्वार बंद.
जुळवून ठेवलेल्या मजकुरातनं चिमट्यानं वेचले,
घरीं-वरचा, केलें-वरचा, तूं-वरचा,
तांदळातले खडे काढावेत तसे.
पत्र्याच्या डब्यात साठले. पुढं ते
वितळवले की भंगारात दिले, विचारलं नाही.
नांव-वरचा मात्र माझ्या हातनं दोन दिवस राहत होता.

जात बदलली का आमची तेव्हा?
कुणी भिंग लावून बघितलं नाही.

हे तिला सांगितलं नाही. ती वहीत लिहीत होती:
सव्वानऊ. टिंब आहे.
टिंब आहे.
टिंब नाही.

चादरीच्या कोपऱ्यात निळा ठसा होता,
भरमू मंडप, उचगाव.
एक उडाला, दिव्याला दोनदा धडकला,
आणि येऊन बसला उ-च्या डोक्यावर.
उंचगाव.

उचगाव कसलं उंच. सपाट सगळं,
उसापेक्षा वर काही जात नाही तिथं.
चूक उघड होती.
सवयीनं बोट उचललं मी,
मग मांडीवर ठेवलं.

आप्पा, त्या कोपऱ्यातल्याला टिंब आहे का?

आहे, म्हटलं. लिही.