पंचनामा

रात्री दोनला टॉर्चचा उजेड कुडावरून सरकला.
हवालदार बाहेरूनच म्हणाला, पुलावरून एक गेलंय.
भोईवाड्यात अशी हाक आली की
बायका आधी आपापली अंथरुणं मोजतात.

आबा उठले. दोर, गळांचा जुडगा, कानावर एक बिडी.
दारातून, मागं न बघता म्हणाले,
तू बी चाल.

भाईदास बाहेर उभाच होता,
त्यालाही त्याच्या काकानं उठवलेलं.
संध्याकाळी आम्ही मिशीवरून पैज लावली होती,
कुणाची आधी दिसते, चुलीच्या उजेडात.
आता नावेत समोरासमोर बसून
एकमेकांकडे बघत नव्हतो.

तापी त्या रात्री अगदी साधी होती.
बॅरेजची दारं बंद, पाणी तुंबून जाड.
नदीचं सगळं ठाऊक आहे असं वाटायचं आम्हाला:
मरळ कुठल्या गाळात झोपते,
बुडालेल्या डांगरवाडीवर शिंगटी कधी येते,
दोर हाताला काय सांगतो.
दगड असला तर ठक्क,
झाड असलं तर हट्ट,
मासा असला तर राग.

हे चौथं कुणी सांगितलं नव्हतं.
जड, आणि कशालाच हरकत नसलेलं.

आबांनी माझ्या मुठीवर मूठ ठेवली.
हयू हयू, म्हणाले,
निजेल पोऱ्याले उचलतस तसं.

वर आला तो आमच्याच वयाचा.
एका पायात बूट. दुसऱ्या पायाची नखं
नीट कापलेली, कालपरवाच.
भाईदासनं आपले पाय
गोणपाटाखाली ओढून घेतले.

काठावर उजाडलं. जीपच्या बॉनेटवर कागद.
पंचाची सही लागते, हवालदार म्हणाला. वय?
मला पंधरा पुरी होऊन तीन महिने झाले होते.
आबा नदीकडे बघत म्हणाले, अठरा.
मी सही केली,
वहीच्या मागच्या पानावर घोटून बसवलेली, शेपटीवाली.

घरी आईनं लिंबाच्या पाल्याचं पाणी
डोक्यावरून ओतलं, काही विचारलं नाही.
मग चहा दिला, बशीत नाही,
आबांच्या कपात, काठोकाठ.

त्या आठवड्यात बाजारात आमचे मासे कुणी घेतले नाहीत.
आम्हीही खाल्ले नाहीत.
भाईदासनं खाल्ले.

मिशी पुढच्या उन्हाळ्यात आली,
दोघांना जवळजवळ एकदमच.
पैजेचं कुणी काढलं नाही.

शहाद्याच्या ठाण्यात, कुठल्याशा गठ्ठ्यात,
मी त्या पहाटेपासून अठराचा आहे.
मधली पावणेतीन वर्षं
आबांकडे मी कधी मागितली नाहीत.