लाईट आल्यावर

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी नान्नाची नस उघडली.
काचेपलीकडच्या पडद्यावर
काळी रेघ अडली होती तिथून पुढे सरकली,
डॉक्टर कलशेट्टी मास्कखालून म्हणाले, झालं.
काकानं बाहेर लगेच पेढे सांगितले.

त्याआधी चार तास तो ॲसिडिटी म्हणत
फ्रीजमधला सोडा पीत बसला होता
आणि इस्त्रीचा शर्ट मिळाल्याशिवाय निघेना.

मी खाली, तळमजल्यावर, लॅबमध्ये.
ड्युटी माझीच. ट्यूबवर नाव मीच लिहिलं:
लक्ष्मीपती चिट्याल, वय एकसष्ट.
आठ वाजता आकडा वाढला होता.
दोन वाजता अजून.
रस्ता मोकळा, तरी आकडा चढतोच.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात कळलेलं.
लाईट गेली की माग असेल तिथे थांबतो,
धोटा अर्ध्या वाटेत, ताण्याच्या मधोमध.
अंधारातही काही तुटतं, नाही असं नाही,
पण खरा दणका लाईट आल्यावर.
कुणीतरी स्विच बंद करायला विसरलेलं असतं,
मोटर एकदम ओढते,
फणी धोट्यावर आपटते
आणि तीनशे धागे
एका आवाजात.

उपाशी पेशीपर्यंत रक्त पोचलं
की ती आधी जेवत नाही. ओरडते.
तिच्या आत एक गजर असतो,
तुकडा तुकडा जुळून उभा राहणारा;
तो वाजला की तिच्याच भिंतीला
तिच्याच हातची भोकं पडतात,
ती फुगते, फुटते,
आणि फुटताना निरोप बाहेर सांडतो:
इथे आग आहे, या.
शेजारीण, जी कदाचित वाचली असती,
तो ऐकून स्वतःचा गजर लावते.

मग पांढऱ्या पेशी येतात, धावत,
आणि केसाहून बारीक गल्ल्यांत अडकून बसतात.
अकरा वाजता दुसऱ्या मजल्यावर हेच चाललं होतं.
काका, काकाचे दोन मेहुणे,
आईच्या विडी कारखान्यातल्या सगळ्या,
साखर पेठेतून रिक्षा भरून आलेले बोल्ली,
डबे घेऊन, रडत,
आयसीयूच्या दारात इतके
की ऑक्सिजनचा सिलिंडर आत जाईना.
सिस्टर शहनाझ ओरडली, माया बाहेर करा!
त्यांतला एकही माणूस वाईट नव्हता.

यांना थोपवायला औषध नाही का, मी विचारलं.
उंदरांत छान चालतं, डॉक्टर म्हणाले,
माणसांत अजून मनासारखं नाही.
आणि पूर्ण थोपवूनही चालत नाही,
मलबा उचलायला, जखम भरायला तेच लागतात.
किती यायचं, कधी परतायचं,
तेवढंच त्यांना कुणाला सांगता येत नाही.

नान्नाला यायचं.
लाईट आली की तो धावायचा, कुणी हात लावू नका रे!
आधी चाक हातानं फिरवून धोटा घरी न्यायचा,
मग स्विच. मग दुसरा माग.
अठ्ठेचाळीस माग, एकटा जॉबर,
आणि मालक घड्याळाकडे बघत शिव्या देणार.

संध्याकाळी त्यानं डोळे उघडले.
एन्नि तेगिनय? म्हणाला. किती तुटले?
मला वाटलं औषधाची गुंगी, कारखान्यातच आहे.
तर त्यानं छातीवरच्या वायरींकडे बोट केलं.

धागा तुटला की बोटं ओली करून गाठ मारता येते,
आईनं आयुष्यात किती मारल्या असतील.
इथे गाठ नाही.
इथे व्रण विणला जातो,
घट्ट, पांढरा, कधीही न धडधडणारा.

थोडे, मी म्हणाले.

बीम बघितल्याशिवाय सांगायचं नसतं, तो म्हणाला.
मोजून ये.

मी त्याचा दंड बांधला
आणि पुढची ट्यूब भरायला घेतली.