चौथं रीळ

कुताइसीत, गुरुवारी, बेसोच्या बेकरीमागे
पाच जण. पिठाच्या गोणीवर खडूने नियम:
नाव सांगायचं नाही, फक्त खुणा.

नेस्तान म्हणते, "नदीकाठचा घोडा
उजव्या डोळ्याने आंधळा होता,
म्हणून डावीकडे वळवला."
लेवान तीन नावं फेकतो. तिन्ही चूक.
"लग्नातली द्राक्षं मेणाची.
एक पाहुणा खरंच चावला."
कुणीच बोलत नाही. भट्टी तेवढी कुरकुरते.

मग म्हातारा ओतार, तीस वर्षं प्रोजेक्टरवाला,
ज्याने एकही सिनेमा सलग पाहिला नाही:
"नाव गेलं डोक्यातून.
पण घोडा वळतो तिथे
चौथं रीळ संपतं,
आणि..."
कोटाच्या आतल्या खिशातून
वीतभर फीत काढून
दिव्यासमोर धरतो.

"चोरा!" नेस्तान उठतेच,
"तरीच आमच्या झेस्ताफोनीत
तो घोडा
सरळ पाण्यात गेला!"