पुरावा क्रमांक एकोणीस

ॲक्रन, ओहायो. उजाडायच्या आत
सरकारी माणसांनी नेलं मोडेम, फ्लॉप्यांचे खोके,
वेंडेलच्या आईचं आन्सरिंग मशीनसुद्धा.
त्यात वारलेल्या बापाचा आवाज होता:
'आम्ही घरी नाही.'

नाव फोडलं थॅडियसनं, क्लीव्हलंडच्या टोळीतल्या.
वर्षभर दोघं एकमेकांच्या लाइनी तोडत होते
तोंड न पाहता.
पाहिलं ते कोर्टात: पुटकुळ्या, उसना कोट.
न्यायाधीशांनी विचारलं, मोडेम म्हणजे काय हो?
दोघं एकदमच सांगायला उठले;
वकिलांनी खाली बसवलं.

वेंडेलला चौदा महिने.
मशीन मागाहून परत आलं,
चिठ्ठी डकवलेलं. टेप कोरी.

मग एका रात्री फोन.
'तुझ्या बापाचा आवाज आहे माझ्याकडे.
चिडवायला म्हणून उतरवून ठेवला होता.'

वेंडेल बोलला नाही.
फोनही ठेवला नाही.