भिंतीची जाडी

सेलूच्या मोंढ्याकडून आलात
तर आधी दिसतात बँकेच्या पायऱ्या.
काळ्या दगडाच्या, पाच.
तिसरी मधोमध खोलगट;
हमाल तिथेच पाय देत गेले
पाठीवर हाली रुपयांच्या थैल्या घेऊन.
त्यांच्या नसलेल्या पैशाचं वजन
दगडाने तेवढं नोंदवून ठेवलं.

मी टेप घेऊन आलेय.
शाखा कधीच बायपासला गेली, काचेच्या गाळ्यात.
आता पाडायची की ठेवायची
ते माझ्या नकाशावर ठरेल म्हणतात.
ठरत नसतं. पण कागद लागतो.

सागवानी जाळीमागची कॅशियरची बैठक
मुद्दाम वीतभर उंच.
चढून बसून बघितलं:
समोरचा पिराजी वॉचमन एकदम बुटका झाला
आणि त्याने मला उगीचच नमस्कार केला.

कमानीवर चार रंगांखाली
उर्दू अक्षरं गाडलेली.
अक्षरं दिसत नाहीत, नुक्ते दिसतात,
पोपडे फोडून वर आलेले, देवीच्या व्रणांसारखे.
खाजामियाँ मिस्त्री मान वाकडी करून वाचतो,
"एक खाली, एक वर...
बँकच लिवलंय, बेटा."

तिजोरीची खोली
बाहेरून एकोणीस फूट,
आतून तेरा.
सहा फूट कुठे गेले?
मी मनातच विचारलं असेन,
तरी बातमी चहाच्या टपरीवर माझ्याआधी पोचली.
दुपारी सरकीवाले मुंदडा स्वतः आले,
"आमच्या दादाजींचं काही निघालं तर..."
एवढंच बोलून रुमालाने टाळू पुसत राहिले.

खाजामियाँने कान लावला.
हातोडीच्या दांड्याने ठोकत गेला
डॉक्टर पाठ तपासतो तसं,
या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.
"भरीव हाय. दगड, चुना, गूळ, बेलफळ.
हिकडं तीन फूट, तिकडं तीन. झाले सहा."
"पण एवढी जाड कशाला?"
"ते बांधून घेणाऱ्याला इचारा."

गर्दी पांगली. मुंदडा सगळ्यांत शेवटी.

दिवेलागणीला नकाशात नोंदी करताना
घाईत एक टिंब सुटलं:
भितीची जाडी, तीन फूट.
ऱ्हस्वदीर्घाचं सोडा.
खोडरबर हाताशीच होता,
पेन्सिलही.

बाहेर पिराजी कुलूप लावत होता
रिकाम्या खोलीला,
दोनदा ओढून बघत.